चूलबंद आवतन

आमच्या घरात पावसाळ्यात पाणी वरून यायचं आणि उन्हाळ्यात कुठूनच यायचं नाही. नांदेडच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजारामागं, गोदामांना टेकून पत्र्याच्या घरांची एक रांग होती, त्यात शेवटून दुसरं घर आमचं. तीन बाजूंना पत्रा आणि चौथी भिंत गोदामाची, म्हणजे घराची एक भिंत शेठजीची होती. तिच्यापलीकडं मिरचीची पोती असत. मिरचीचा हंगाम सुरू झाला की आम्ही शिंकत उठायचो आणि शिंकत झोपायचो. घरात बा, माय, मी आणि रांगणारा भाऊ. बा मोंढ्यात हमाल होता. माय आडत दुकानांत धान्य निवडायला, पाखडायला जायची. संध्याकाळी दोघं घरी आले की बाच्या अंगाला तागाच्या पोत्याचा वास यायचा आणि मायच्या अंगाला कोंड्याचा. अजूनही एखाद्या किराणा दुकानात तूर उघड्या पोत्यात ठेवलेली दिसली की माझे पाय उगाच रेंगाळतात. नातवंडं म्हणतात, आज्जी, चल ना, काय बघून राहिलीस. त्यांना काय सांगणार.

खायला जवारीची भाकरी असायचीच, मिरचीला तर तोटाच नव्हता. वरण असेल तर दिवस चांगला गेला असं समजायचं. अमावास्येला मात्र मोंढा बंद असायचा. त्या दिवशी गाडी भरायची नाही, पोतं उचलायचं नाही, असा तिथला रिवाज. बा घरी आणि मजुरी नाही, म्हणून अमावास्येला आमच्याकडं जवारीच्या कण्या शिजायच्या. आम्ही बौद्ध. अमावास्या-पौर्णिमेचं शुभ-अशुभ आम्ही मानत नव्हतो, पण अमावास्या आम्हाला मानायची, असं माय कण्या ढवळत म्हणायची आणि स्वतःच हसायची.

बाचा बा, म्हणजे माझा आज्जा, हिमायतनगरकडच्या एका खेड्यात राहायचा. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याच्याबद्दल बा फार बोलायचा नाही, पण एक गोष्ट त्यानं मला इतक्या वेळा सांगितली की ती माझ्याच डोळ्यांदेखत घडल्यासारखी वाटते. गावात कुणाचं लाकूड फोडायचं असो, कुणाचं मेलेलं जनावर ओढायचं असो, वस्तीच्या बाहेर लांब उभं राहून कुणीतरी हाळी द्यायचं, “गडी लागतो रे.” दारापर्यंत यायचं नाही, नाव घ्यायचं नाही. आज्ज्यानं हातातली भाकरी खाली ठेवून जायचं. मजुरीचा विषयच नव्हता. पुढं आज्ज्यानं धम्म घेतला आणि त्या दिवसापासून हाळीला ओ देणं बंद केलं. लोक हाळ्या देऊन थकले. मग त्यांनी त्याला शेतातलं कामही द्यायचं बंद केलं आणि घर उठून नांदेडला आलं.

बा दिवसभर दुसऱ्याची ओझी उचलायचा, पण मजुरी ठरल्याशिवाय पोत्याला बोट लावायचा नाही. शेठजींच्या घरी लग्न निघालं तेव्हा बाकीचे हमाल कपाटं-पलंग हलवायला गेले. जेवायला मिळेल, एवढ्यावर. बा गेला नाही. त्यापायी त्याला बरेच दिवस चांगल्या गाड्या मिळाल्या नाहीत. माय चिडली, तर तो एवढंच म्हणाला, “आमच्या बानं जे सोडलं ते म्या कशाला धरू?” त्याच्या बोलण्याची पद्धतच अशी होती. एक वाक्य, आणि त्यावर झाकण.

आता शाळेचं सांगते. शाळा ख्रिस्ती लोकांची होती, गोदावरीच्या बाजूला, जुन्या कौलारू इमारतीत. शाळेच्या वसतिगृहाचं वर्षाचं धान्य निवडायला माय जायची आणि मलाही बरोबर न्यायची. एकदा मी तिथं पोत्यांवर शाईनं छापलेली अक्षरं मोठ्यानं वाचत बसले होते. मागं मुख्याध्यापिका येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं नाव रूथबाई. उंच, सडपातळ, पांढरी सुती साडी, आवाज असा की व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना पोचावा. त्यांनी मला विचारलं, तुला वाचायला कोणी शिकवलं? मी म्हणाले, पोत्यांनी. त्या हसल्या नाहीत. मायला म्हणाल्या, जूनमध्ये हिला घेऊन या.

शाळेतल्या पहिल्या दिवशी मात्र माझं हसं झालं. गुरुजींनी फळ्याजवळ उभं करून खडू मोजायला सांगितले. मी ठणठणीत आवाजात सुरू केलं, “लाभ, दोन, तीन, चार...” वर्ग खो खो हसला. मला कळेना काय चुकलं. मोंढ्यात पोती मोजताना ‘एक’ कोणी म्हणत नाही. पहिल्याला ‘लाभ’ म्हणतात, मग दोन, तीन. मी बाच्या मांडीवर बसून तशीच मोजायला शिकले होते. मला वाटायचं जगात सगळेच तसं मोजतात. गुरुजींनी हे रूथबाईंना गंमत म्हणून सांगितलं. पुढं कित्येक दिवस त्या मला व्हरांड्यात गाठून विचारायच्या, काय लाभ, बरी आहेस ना? शाळेत माझं नाव सुमन, पण त्यांच्या तोंडी मी लाभच राहिले.

मी सातवी पास झाले त्या वर्षी शाळेनं जागा बदलायचं ठरवलं. नदीला पाणी चढलं की खालच्या वर्गांत गुडघाभर यायचं, आणि कौलं तर आमच्या पत्र्याच्या वरताण गळायची. गावाबाहेर, लातूरच्या रस्त्याला माळावर नवी इमारत उभी राहिली होती. भिंतींना गिलावा झाला होता, रंग नव्हता. सगळं सामान सुट्टीत तिकडं न्यायचं होतं. बाकं, फळे, कपाटं, पुस्तकं, प्रयोगशाळेतल्या बरण्या, वसतिगृहातली पातेली, एवढंच काय, दारं-खिडक्याही काढून न्यायच्या होत्या. माणसं लावून हे करून घेणं शाळेला परवडणारं नव्हतं. म्हणून लातूर आणि त्याच्याजवळच्या मुरुडच्या चर्चमधून माणसं मदतीला आली. कॉलेजातली पोरं, दोन-तीन मास्तर, एक म्हातारे सुतारकाका, आणि स्वयंपाकाला बायका. वळकट्या घेऊन आली आणि वर्गांमध्येच राहिली. त्यांना सगळे स्वयंसेवक म्हणायचे. वस्तीत हा शब्द नवा होता. आमच्या शेजारची राहीमावशी त्यांना ‘सेवक’च म्हणायची आणि वर विचारायची, ह्यांना पगार कोण देऊन राहिलं?

कोणी देत नव्हतं. हेच तर बघायला मजा यायची. पुस्तकांच्या खोलीपासून रस्त्यावरच्या ट्रकपर्यंत ते हातभर अंतरानं रांग लावून उभे राहायचे आणि पुस्तकांचे गठ्ठे ह्या हातातून त्या हातात जायचे. मध्येच कोणीतरी गाणं सुरू करायचं. गाणं येशूचं, पण चाल आपल्या भजनाची, त्यामुळं मायही गुणगुणायची. माय आणि मी पहिल्या दिवसापासून जात होतो. आम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. मायकडं पोती शिवायचा दाभण होता. सुटी पुस्तकं पोत्यात भरली की ती सुतळीनं तोंड शिवायची, मी पोत्यावर खडूनं वर्ग लिहायची. सकाळी मुरुडच्या बायका चुरमुऱ्यांचा सुशीला करायच्या, भरपूर शेंगदाणे घालून. मायनं तो पहिल्यांदाच खाल्ला. घरी येऊन ती बाला सुशीला कसा करतात ते सांगत बसायची. बा ऐकून घ्यायचा. आम्ही फुकट काम करायला जातो याबद्दल तो काही बोलला नव्हता. मायचं म्हणणं, आपण आपल्या पायानं गेलो, मग त्याला काय बोलायला जागा आहे.

काम हातांना आटपेना, तेव्हा रूथबाईंनी स्वयंसेवकांना वस्त्यांमध्ये पाठवलं. ज्या पालकांना जमेल त्यांनी यावं, एवढंच सांगायला. आमच्या रांगेत सुधीर नावाचा मुरुडचा पोरगा आला. मिसरूड नुकतं फुटलेलं, लाजरा. त्या वेळी माय दारात बसून डोकं धूत होती. बा आत भाकरी खात होता. मी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. आणि बाहेरून, रांगेच्या टोकाकडून, हाळी आली.

“घरात गडीमाणूस हाय का? सामान उचलायला लागतो.”

मुरुडकडं बाईमाणूस तसं गडीमाणूस. आपल्याकडंही म्हणतात. घरात पुरुष माणूस आहे का, एवढाच त्याचा अर्थ. बाला काय तो माहीत नव्हता? पण त्याच्या कानानं त्यातला पहिला शब्द धरला आणि पुढचं काही आत जाऊच दिलं नाही. लांबून आलेली हाळी, नाव नाही, आणि गडी. मी त्याच्याकडं बघत होते. हातातला घास त्यानं ताटलीत ठेवला, आणि मग जणू ठेवला हीच चूक झाली असं वाटून तो परत उचलला आणि तोंडात घातला. चावला. गिळला. मग उठून दारात गेला.

“इथं गडी राहत न्हाई,” तो म्हणाला. “सांग तुझ्या शाळेला.”

सुधीर गोंधळून निघून गेला. बा आत आला, पुढची भाकरी मोडली आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, आठवीला त्या शाळेत जायचं नाही. जी शाळा लांब उभी राहून हाळी देते तिथं माझी पोरगी बसणार नाही. जवळच्या शाळेत आठवी आहे का बघू, नसेल तर घरी राहा. मायचं डोकं अजून ओलं होतं. केस पिळत ती आत आली आणि म्हणाली, “अवो, तुमी ऐकलं ते त्यानं म्हणलंच न्हाई.”

“म्या ऐकलं तेच म्हणला.”

मग झाकण. जवळच्या शाळेत आठवी नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. आमच्या रांगेतल्या माझ्या वयाच्या मुली एक तर मिरच्यांचे देठ खुडायला जात होत्या नाही तर त्यांची लग्नं ठरत होती. मी रडले नाही. मायनं दाभण पत्र्याच्या खाचेत खोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. दुपारी वारा आला की लांबून ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा आणि मला वाटायचं, आज सातवीची बाकं गेली असतील. उद्या आठवीची जातील.

बाचं बरोबर होतं की चूक, असं मला लोक विचारतात. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा ही गोष्ट सांगितली की पोरं लगेच दोन गट करायची. मला गट करता येत नाहीत. माझी शाळा जात होती आणि तरीसुद्धा तो दारात उभा राहून बोलला तेव्हा माझी मान ताठ झाली होती. दोन्ही एकाच पोटात होतं.

दाभणवाली बाई आणि लाभ दिसत नाहीत म्हणून रूथबाईंनी चौकशी केली. सुधीरनं जे घडलं ते सांगितलं. दिवेलागणीच्या सुमारास त्या आमच्या रांगेत आल्या. एकट्याच. त्यांनी हाक मारली नाही. सरळ दारात आल्या, चपला काढल्या, वाकून आत आल्या आणि माय सतरंजी शोधेपर्यंत पोत्यावर बसूनही टाकलं. बा उठून उभा राहिला. त्या म्हणाल्या, “किसनराव, बसा की. तुमचं घर हाय.” मोंढ्यात बाला सगळे किसन्या म्हणायचे. आणि मी अवाक झाले ते निराळ्याच कारणानं. शाळेत पुस्तकातल्यासारखं बोलणाऱ्या रूथबाई आमच्या घरात ‘हाय’ म्हणत होत्या.

मायनं काळा चहा केला. गुळाचा. त्यांनी फुंकर घालत अर्धा कप संपवला, भावाच्या नाकाला पदर लावला, सुशील्यात शेंगदाणे आधी टाकायचे की नंतर यावर मायशी वाद घातला. कामाचं काही बोलेनात. शेवटी कप खाली ठेवून म्हणाल्या, “आमचा आज्जा मुरुडाकडचा. त्यालाबी अशीच हाळी यायची. गडी लागतो रे. पुढं तो ख्रिस्ती झाला, नाव बदललं. हाळी काय बदलली न्हाई.”

बानं पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. रूथबाई कुठल्या, कुणाच्या, हे आम्ही कधी मनात आणलंच नव्हतं. चर्चवाल्या म्हणजे कुठून तरी वरून आलेल्या, एवढीच आमची समजूत.

“मग आज्ज्यानं काय केलं?” बानं विचारलं.

“गेला. मरेपर्यंत जात राहिला. तुमच्या बानं सोडलं, त्याच्यात तेवढी धमक न्हवती.” मग म्हणाल्या, “म्या तुमाला कामाला बोलवायला आले न्हाई, किसनराव. परवा नव्या जागेवर जेवण हाय. तुमाला चूलबंद आवतन हाय.”

चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या एकट्यादुकट्याला नव्हे, सगळ्या घराला जेवायचं बोलावणं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. असं आवतन जवळच्याला देतात, मानाच्या माणसाला देतात. माझ्या उभ्या आयुष्यात आमच्या घराला ते कोणी दिलेलं मला आठवत नव्हतं. आता चुलीच गेल्या, गॅस बंद आवतन कोण देणार. रूथबाई गेल्यावर बा म्हणाला, “आवतन दिलंय. जावं लागतंय.” माय म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून ह्या चुलीनं मला एक दिवस सुट्टी दिली नाही, तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन.

परवा म्हणजे अमावास्या होती. राहीमावशी दारात येऊन डोळे मोठे करून गेली, अमावास्येला कोण घर हलवतं का. पण रूथबाईंचा हिशोब सरळ होता. अमावास्येला मोंढा बंद म्हणजे ट्रक रिकामे. ट्रकवाल्यानं पुढं नवं लिंबू-मिरची बांधलं होतं आणि तो आम्हाला पुढच्या बाजूला बसवत म्हणाला, अमावास्येला बिऱ्हाड हलवायला ख्रिस्ती तरी पाहिजेत नाही तर बौद्ध तरी, आमच्यानं होत नाही. बाला हसू आलं. तो धुतलेला पांढरा सदरा आणि पायजमा घालून आला होता. हमालीचा टॉवेल मात्र सवयीनं खांद्यावर होताच. मायनं तो घरी ठेवा म्हटलं होतं, पाव्हणे म्हणून चाललोय. त्यानं ऐकलं नाही.

माळावर झाड नावाला नव्हतं. इमारत उघडीबोडकी उभी होती, खिडक्यांच्या जागी नुसती भोकं, आणि आतून प्रत्येक आवाज दोनदा ऐकू यायचा. अंगणात सामानाचे ढीग पडले होते. व्हरांड्याच्या सावलीत एक बाक मांडून रूथबाईंनी बाला बसवलं. बाक पोरांचं, बुटकं. बाचे गुडघे छातीला लागले. त्याच्यासमोरून माणसं बाकं, फळे, कपाटं घेऊन ये-जा करत होती आणि तो बसून होता. जिथं ओझं हलत आहे अशा जागी त्याला कोणी ‘तुम्ही बसा’ म्हटल्याची ही पहिलीच वेळ असावी. हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. एकदा त्यानं ते मांडीखाली घेतले, एकदा टॉवेलात. मला वाटत होतं तो आता उठेल. तो उठला नाही. सुतारकाका दाराची चौकट एकटेच सरकवत होते तेव्हाही उठला नाही. मी चौथीच्या वर्गात मायसोबत पोत्यांची शिवण उसवत होते आणि दर थोड्या वेळानं व्हरांड्यात डोकावत होते. बा तसाच. बसून राहणं हेही त्या दिवशी त्याचं काम असल्यासारखा.

सुधीर पाण्याचा पेला घेऊन त्याच्याकडं गेला. मी दारातच होते, म्हणून मला ऐकू आलं.

“काका, त्या दिवशी दारात काकू डोकं धूत हुत्या. म्हणून लांब उभारलो.”

बानं पेला घेतला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, “हाव?”

“मग दारात कसं येणार? बाईमाणूस डोकं धूऊन राहिलं तर.”

बाचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ठसका लागला. तो हसत होता. “च्यामायला,” तो म्हणाला, “चांगल्या घरचं लेकरू हाय की रे तू.” आणि थोड्या वेळानं, हसू ओसरल्यावर, पेला परत देत म्हणाला, “लांबून हाळी आली की मला आमचा बा दिसतो. तुझी चुकी न्हाई.”

तरीही तो उठला नाही. आवतन जेवणाचं होतं, आणि जेवण अजून व्हायचं होतं.

पंगत मोठ्या वर्गात बसली. रूथबाईंनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली, आम्ही डोळे उघडे ठेवून हात जोडले. मग पत्रावळी आल्या. भाकरी, वांग्याची भाजी, तुरीचं वरण आणि गव्हाची गुळातली खीर. ट्रकवाला, सुतारकाका, मास्तर, बा, सगळे एका ओळीत. वाढायला रूथबाई स्वतः. बाला खिरीचा दोनदा आग्रह झाला. दुसऱ्यांदा त्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला तर रूथबाईंनी बोटांवरच पळी रिकामी केली. माय तोंडाला पदर लावून हसली. बा ती बोटं चाटत होता तेव्हा तो मला माझ्या भावाएवढा दिसला.

जेवण झालं. बानं हात धुतले, तोंड पुसलं, पत्रावळ स्वतः उचलून टाकली. मग भर अंगणात त्यानं पांढरा सदरा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. टॉवेल पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली.

“आवतन झालं,” तो रूथबाईंना म्हणाला. “आता म्या पाव्हणा न्हाई. आता म्या माझ्या मनानं उठलो.” आणि लगेच, श्वास न घेता, “आठवी कुठली?”

रूथबाईंनी बोट दाखवलं. कोपऱ्यातली खोली, माळाकडं खिडकी असलेली. बानं मघाशी ज्यावर बसला होता तेच बाक उचललं, डोक्यावर घेतलं आणि चालू लागला. मी सदरा छातीशी धरून मागं. खोली रिकामी होती. जमिनीवर चुन्याचे ठिपके, खिडकीतून वारा. बानं बाक पहिल्या रांगेत, फळा येणार होता त्याच्यासमोर ठेवलं, हातानं हलवून बघितलं, डुगडुगत नाही याची खात्री केली.

“लाभ,” तो म्हणाला. “बस.”

मी बसले. तो दुसरं आणायला गेला. त्या दिवशी अंधार पडेपर्यंत त्यानं सामान वाहिलं. सुधीर आणि इतर पोरं त्याच्यामागं, आणि प्रत्येक खोलीत पहिलं बाक टेकलं की सगळी एका सुरात ‘लाभ’ म्हणायची. येशूची गाणी म्हणणारी मुरुडची पोरं मोंढ्याची मोजणी म्हणत होती. मायनं त्या रात्री घरी येऊन चुलीकडं बघितलंसुद्धा नाही.

मध्यंतरी शाळेनं जुन्या विद्यार्थ्यांना बोलावलं म्हणून मी गेले होते. माळावर आता इतकी झाडं आहेत की इमारत रस्त्यावरून दिसत नाही. रूथबाई नाहीत, बा नाही, मायही नाही. आठवीच्या खोलीत लोखंडी बाकं आलीत. पण एक गोष्ट मला तिथल्या शिपायानं सांगितली. जूनमध्ये वर्ग लावताना पहिलं बाक ठेवलं की इथं लाभ म्हणतात. का म्हणतात, ते त्याला माहीत नव्हतं. पहिल्यापासून म्हणतात, एवढंच तो म्हणाला.

त्या शाळेतून मी दहावी झाले. नांदेडच्या कॉलेजातून बी.ए. झाले, पुढं एम.ए. झाले आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजात मराठी शिकवलं. माझ्या मागून भाऊ पदवीधर झाला, त्याच्या मागून त्याची मुलगी. आमच्या घरातली पहिली पदवी माझी.